घराला कुलूप लावून निघताना: घरफोडीपासून घर कसं जपायचं, आणि झालीच तर काय करायचं

मे महिन्यातली मंगळवारची सकाळ. आम्ही चार दिवस गावी होतो. शेजारच्या काकूंचा फोन आला, "अगं, आलात का तुम्ही? दार किलकिलं दिसतंय." आम्ही आलो नव्हतो.

संध्याकाळी दारात पोहोचलो तेव्हा पहिली नजर कुलपावर गेली. सात लिव्हरचं, चांगल्यातलं कुलूप. ते तसंच बंद होतं, त्यावर साधा ओरखडाही नव्हता. ते ज्या कोयंड्यात अडकवलं होतं तो कोयंडाच दारातून उपटून आला होता आणि त्याचे चार स्क्रू पायपुसण्यावर पडले होते. मी एक उचलून पाहिला. जेमतेम अर्ध्या इंचाचा. कुलूप निवडायला आम्ही दुकानात अर्धा तास घालवला होता, पण त्याचा सगळा भार या चार स्क्रूंवर आहे हे कधी बघितलंच नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षभरात पोलीस ठाणं, सुतार, विमा कंपनी, कोर्ट असे सगळे उंबरे झिजवले आणि बरंच शिकले. आमच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की मी त्यांना हे सांगते. पहिल्यांदाच घर थाटणाऱ्यांसाठी ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी शब्द नीट समजून घ्या

पोलीस ठाण्यात "आमच्याकडे दरोडा पडला" असं म्हटलं की समोरचा अंमलदार आधी तुमचा शब्द दुरुस्त करतो. दरोड्याला पाच किंवा जास्त माणसं लागतात. मारहाण करून किंवा धाक दाखवून हिसकावलं तर ती जबरी चोरी. घरात शिरण्यासाठी कडी-कोयंडा तोडला, कुलूप उघडलं, खिडकीतून किंवा भिंत चढून आत आले, तर ती घरफोडी.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३३० मध्ये घरफोडीची व्याख्या आहे आणि ३३१ मध्ये शिक्षा. चोरीसाठी केलेल्या घरफोडीला १० वर्षांपर्यंत कैद, आणि तीच सूर्यास्तानंतर व सूर्योदयाआधी केली तर १४ वर्षांपर्यंत. राहत्या घरातल्या चोरीचं कलम ३०५ वेगळं, त्यात ७ वर्षांपर्यंत. एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा: तुमची हरवलेली किल्ली कुणाला सापडली आणि त्याने त्याच किल्लीने दार उघडून आत प्रवेश केला, तर तीही घरफोडीच. कायद्यात हे उदाहरणच दिलेलं आहे. त्यामुळे "काही तुटलं नाही, मग घरफोडी कशी?" असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका.

पहिली पायरी: घर बंद आहे हे बाहेरून कळू देऊ नका

माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा हे महत्त्वाचं. घरफोडी करणाऱ्याला माणूस भेटायला नको असतो. तो भरलं घर टाळतो आणि रिकामं शोधतो. आपण त्याला ते किती सहज दाखवून देतो बघा. दाराबाहेर लटकलेलं कुलूप. कडीत खोचलेली, तीन दिवस कुणी न काढलेली जाहिरातीची पत्रकं. दारात साचलेले पेपर. वाळलेली तुळस. रोज रांगोळी असणारा उंबरा चार दिवस कोरा. आणि सगळ्यांत बोलकं म्हणजे दिवसाढवळ्या जळणारा दिवा. चोर येऊ नये म्हणून आपण तो लावून जातो आणि भर दुपारी तोच सांगतो की घरात कुणी नाही.

म्हणून पहिलं काम: बाहेरून दिसणारं कुलूप काढून टाका आणि दारातच बसणारं लॅच किंवा मॉर्टाइज लॉक लावा, म्हणजे घर बंद आहे की आत माणसं आहेत हे जिन्यातून जाणाऱ्याला कळत नाही. दुसरं: दूध आणि पेपर बंद करा, पण "आठ दिवस गावाला चाललोय" असं जिन्यात उभं राहून सांगू नका. तिसरं: दिव्याला टायमर बसवा. संध्याकाळी लागून रात्री बंद होणारा प्लग इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. चौथं: प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका. स्टेटस आपलीच माणसं बघतात हे खरं, पण आपल्या माणसांच्या फोनमधून तो फोटो कुठे जातो ते आपल्या हातात नसतं.

लग्नघराला हे सगळ्यात जास्त लागू आहे. पत्रिकेवर घरचा पत्ता, कार्यालयाचं नाव, तारीख आणि मुहूर्त छापलेला असतो. घर किती ते किती रिकामं राहणार हे आपण शेकडो लोकांना स्वतःच्या हाताने वाटलेलं असतं. त्या दिवशी एक तरी माणूस घरी थांबवा, वरमाई रुसली तरी चालेल.

दुसरी पायरी: दार

दाराकडे चोराच्या नजरेने बघा. त्याच्याकडे कटावणी किंवा मोठा स्क्रू-ड्रायव्हर असतो आणि त्याला आवाज न करता पटकन काम उरकायचं असतं. तो कुलपाशी झटत बसत नाही. दार, चौकट आणि लोखंड यांपैकी जे सगळ्यात कच्चं असेल तिथे तो जोर लावतो.

सुताराला बोलावून या गोष्टी करून घ्या. बाहेरचं कुलूप ठेवणारच असाल तर कोयंडा आणि अल्ड्रॉप (दाराची आडवी सरकती कडी) स्क्रूवर ठेवू नका, आरपार नट-बोल्ट मारा. बोल्टचं गोल डोकं बाहेर, नट आतल्या बाजूला. हे काम अर्ध्या तासाचं आहे, आणि आमच्या दारावर ते झालं असतं तर कदाचित हा लेख लिहायची वेळच आली नसती. लॅचची जीभ चौकटीत ज्या पट्टीत शिरते तिचे स्क्रू काढून बघा. बिल्डरने दिलेल्या दारांना ते बहुतेक वेळा आखूडच असतात. त्याजागी अडीच-तीन इंची स्क्रू घाला, म्हणजे ते चौकटीच्या वरच्या थरात न थांबता लाकडात खोल जातात. बिजागऱ्यांचंही तसंच. चौकट आणि भिंत यांच्यात फट पडली असेल तर ती सिमेंटने भरून घ्या, कारण कटावणी तिथेच घुसते.

लॅचबद्दल एक सवय लावून घ्या. दार नुसतं ओढून घेतलं की फक्त स्प्रिंगवरची जीभ अडकते, आणि तिच्या तिरप्या कडेवर प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून ती मागे ढकलता येते. बाहेर पडताना किल्ली फिरवून आतला दांडा पूर्ण बाहेर काढा. खाली कचरा टाकायला जातानाही. भाड्याच्या घरात राहायला गेलात तर आधीच्या भाडेकरूकडे किल्ली राहिली असेल असं धरूनच चाला आणि लॅचचं सिलिंडर, म्हणजे किल्ली जिथे फिरते तो भाग, बदलून घ्या. घरमालक खर्च देत नसेल तर स्वतःच्या खिशातून करा.

जाळीचा सेफ्टी डोअर चांगलाच. दोन दारं म्हणजे दुप्पट वेळ आणि दुप्पट आवाज. पण आतलं दार उघडं ठेवून नुसत्या सेफ्टी डोअरच्या भरवशावर दुपारी झोपू नका.

किल्ली चपलांच्या स्टँडमध्ये, कुंडीखाली, मीटर बॉक्सवर, दुधाच्या पिशवीत ठेवू नका. या जागा आपल्याला माहीत आहेत तशा सगळ्यांनाच माहीत आहेत.

खिडक्या

पहिला मजला, गच्चीखालचा शेवटचा मजला आणि ज्या खिडकीजवळून ड्रेनेजचा पाइप जातो ती खिडकी, एवढ्यांकडे आधी बघा. ग्रिलचे स्क्रू बाहेरून फिरवता येत असतील तर ग्रिल असून नसल्यासारखं. ते भिंतीत पुरलेलं किंवा वेल्ड केलेलं हवं. बाथरूमच्या व्हेंटिलेटरच्या काचपट्ट्या एकेक करून ओढून काढता येतात, तिथेही लोखंडी जाळी लावा. बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या खोबणीत मापाची काठी आडवी ठेवली की ते बाहेरून सरकत नाही.

मात्र सगळं घर पिंजरा करू नका. एका तरी खिडकीच्या ग्रिलला उघडणारी झडप ठेवा, तिची किल्ली आतल्या बाजूला ठरलेल्या जागी टांगा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. आग लागली तर बाहेर पडायला तीच वाट असते.

तिसरी पायरी: सोनं, आणि त्याची वही

आमच्या स्वयंपाकघरात हरभऱ्याच्या डाळीचा डबा ओट्यावर पालथा केलेला होता. तांदळाचा पिंप उपसलेला, देवघराचा ड्रॉवर बाहेर, गाद्या उलट्या, साड्यांच्या घड्या एकेक करून झटकलेल्या. "डाळीत कोण बघतंय?" असं सासूबाई म्हणायच्या. त्यांच्या पाटल्या डाळीतच होत्या. आपल्या आज्यांनी शोधलेल्या सगळ्या जागा चोरांना पाठ असतात.

रोज अंगावर घालायचं तेवढं सोडून बाकी सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. पण तिथलाही नियम समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच असते. भाडं २,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त २ लाख. लॉकर घरापेक्षा खूपच सुरक्षित आहे, पण आत काय ठेवलं हे बँकेला माहीत नसतं. ते तुमच्याकडेच लिहिलेलं हवं.

म्हणून वही करा. एक रविवार पुरतो. प्रत्येक दागिना स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर ठेवून, आकडा दिसेल असा फोटो काढा. मग आतल्या बाजूच्या शिक्क्याचा जवळून दुसरा फोटो. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात हॉलमार्कचा दागिना सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी कोडसहच विकावा लागतो. हा कोड प्रत्येक दागिन्याचा वेगळा असतो आणि बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. तो वहीत उतरवा. जुन्या दागिन्यांना असा कोड नसतो. तिथे खुणा लिहा: कुठे डाग दिला आहे, कुठला मणी बदलला आहे, फासा कसा आहे.

वजन तोळ्यात लिहू नका. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम. चार तोळ्यांत साडेसहा ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडतो. ग्रॅममध्येच लिहा. बिलं फोटो काढून घराबाहेरच्या माणसाकडेही ठेवा, भावाकडे, लेकीकडे. त्याच वहीत फोनचा आयएमईआय नंबर (*#०६# दाबलं की दिसतो), लॅपटॉपचा सिरियल नंबर, लॉकरचा नंबर.

शेजार, कॅमेरा आणि गस्त

कॅमेऱ्यावर मी फार लिहीत नाही. तो असावा, चेहऱ्याच्या उंचीला असावा, आणि त्याचं रेकॉर्डिंग किती दिवस राहतं हे माहीत असावं. आमच्या जिन्यातल्या कॅमेऱ्यात फक्त टोप्यांचे शेंडे दिसले. खरा उपयोग झाला तो काकूंचा. शेजारच्या एका घरी तुमचा नंबर, गावचा नंबर आणि परत यायची तारीख देऊन ठेवा. जास्त दिवसांसाठी जात असाल तर जवळच्या पोलीस चौकीतही सांगून जा, रात्रीच्या गस्तीत चक्कर मारायला त्यांना ठिकाण कळतं.

गावाकडे दोन वेगळ्या गोष्टी. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपतं आणि खाली नुसती कडी असते. जिन्याचं दार आणि खालचं दार, दोन्हींना आतून कुलूप हवं, आणि किल्ल्या उशाखाली. कोकणात चाकरमान्यांची घरं गणपती आणि शिमगा सोडला तर बंदच. अशा घरात तांब्या-पितळेची भांडी, समया, हंडे ठेवले असतील तर ते वाडीतल्या राहत्या घरात हलवा आणि महिन्यातून एकदा कुणीतरी दार उघडून झाडून घेईल अशी व्यवस्था करा.

अनेक जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. नोंदणी केलेल्या माणसाने एका टोल फ्री क्रमांकावर बोललं की तोच आवाज गावातल्या सगळ्या फोनवर एकदम जातो. तुमच्या गावात असेल तर नाव नोंदवा. पण "चोर आले" हा निरोप फार जपून द्यायचा असतो. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे चोरांच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाने मारले. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारे समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. पाचही निरपराध होते. अनोळखी माणूस दिसला तर ११२ ला फोन करा, लांबून लक्ष ठेवा, हात लावू नका. फॉरवर्ड आलेला फोटो पुढे पाठवू नका.

घरकामाच्या मावशींबद्दलही हेच. ओळखपत्राची प्रत, पत्ता, फोन जरूर घ्या. पण आमच्याकडे घरफोडी झाल्यावर "संशय कुणावर?" या प्रश्नाला घरातल्या एकाने आमच्या पोळ्या करणाऱ्या मावशींचं नाव घेतलं. त्यांना दोनदा बोलावून बसवून ठेवलं. पुढे चोर सापडले, त्यांचा मावशींशी काडीचा संबंध नव्हता. तोवर त्यांची आणखी तीन घरची कामं सुटली होती. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, पण गेलेली कामं मला परत आणून देता आली नाहीत. ठोस काही दिसलं असेल तरच नाव घ्या.

घरफोडी झालीच तर: पहिला तास

दार तुटलेलं दिसलं की आत शिरू नका. चोर आतच असू शकतो, आणि कोंडीत सापडलेला माणूस काहीही करतो. खाली या, ११२ ला फोन करा. तो पळत असेल तर पळू द्या, गाडीचा नंबर आणि अंगावरचे कपडे तेवढे बघून ठेवा.

आत गेल्यावर हात पाठीमागे बांधून घ्या. मी हे अक्षरशः सांगते. मी पहिल्या पाच मिनिटांत कपाटाचं हँडल धरलं, ड्रॉवर लावले आणि सांडलेली डाळ भरून ठेवली. ठसेतज्ज्ञ आले तेव्हा कपाटावर माझेच ठसे होते. दारातून, मग प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यातून फोटो आणि व्हिडिओ घ्या. लाइटची बटणं, पाण्याचा ग्लास, बेसिनचा नळ यांनाही हात नको.

पोलिसांची वाट बघताना फोनवरून करायची कामं: कार्डं ब्लॉक करा, चेकबुक गेलं असेल तर पेमेंट थांबवा, लॉकरची किल्ली गेली असेल तर बँकेला लगेच कळवा. फोन गेला असेल तर फिर्याद झाल्यावर संचार साथी पोर्टलवर त्याचा आयएमईआय ब्लॉक करता येतो.

फिर्याद आणि पंचनामा

नुसता अर्ज देऊन परत येऊ नका, गुन्हा दाखल करून घ्या. हद्द आमची नाही असं ऐकायला मिळालं तरी कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर घेता येतो, तो पुढे योग्य ठाण्यात जातो. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळते. गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं आणि तपासी अंमलदाराचं नाव वहीत लिहा. कलमांत घरफोडीचं ३३१ आहे ना, की नुसती चोरी लावली आहे, ते तिथेच वाचा.

ऐवजाची यादी घाईत पूर्ण होत नाही. चार दिवसांनी आठवतं की नथही नाही. तेव्हा ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब द्या, तो तुमचा हक्क आहे. किंमत किती धरली यावर वाद घालण्यापेक्षा प्रत्येक दागिन्यापुढे वजन ग्रॅममध्ये आणि एचयूआयडी लिहिला आहे का ते बघा. पंचनामा सहीआधी पूर्ण वाचा. तुटलेला कोयंडा, वाकलेली पट्टी, स्क्रू, हे सगळं त्यात आलं पाहिजे, कारण विमा कंपनी नेमकं तेच शोधते.

तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायची असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलं आहे. कळवलं नाही तर जाऊन विचारा.

विम्याबद्दल थोडं

बरेच जण "आमचा घराचा विमा आहे" म्हणून निर्धास्त असतात. १ एप्रिल २०२१ पासून आलेली प्रमाणित भारत गृह रक्षा पॉलिसी मुळात आग, पूर, वादळ अशा संकटांसाठी आहे. चोरी त्यात फक्त अशा संकटामुळे आणि त्यानंतरच्या सात दिवसांत झाली तरच बसते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि दागिन्यांचा उल्लेख स्वतंत्र लागतो. जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा आणि घर सलग किती दिवस बंद राहू शकतं, या दोन अटी सही करण्याआधी वाचा. चोर सापडले नाहीत तर पोलीस कोर्टात "ए समरी" पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. विमा कंपनी बहुधा तो कागद मागते.

मुद्देमाल परत घेताना

चोर सापडले तरी दागिने थेट हातात पडत नाहीत. ते मुद्देमाल म्हणून जमा होतात आणि कोर्टात अर्ज करून सोडवावे लागतात. मौल्यवान वस्तू सविस्तर पंचनामा आणि फोटो करून मालकाला लवकर परत द्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं आहे. अर्जात त्याचा आधार घ्यायला वकिलांना सांगा. सोबत एफआयआरची प्रत, बिलं, फोटो, ओळखपत्र लागतं, आणि बंधपत्र द्यावं लागतं.

आमच्या पाटल्या पाटल्या म्हणून परत आल्या नाहीत. त्या वितळवून त्यांची लगड, म्हणजे सोन्याची कांडी, झाली होती. लगडीवर कुणाचं नाव नसतं, ती आपलीच हे फक्त कागदच सांगतो. सासूबाईंनी त्या पाटल्यांचं सराफाचं बिल पोथीत ठेवलं होतं, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं, पण वजन शाईत स्पष्ट. पोथी चोरांनी उघडून खाली टाकली होती, त्यांना त्यात काही सापडलं नव्हतं. त्या बिलावर लगड मिळाली. खटला संपेपर्यंत ती विकता किंवा मोडता येत नाही, कोर्टाने मागितली की हजर करावी लागते. सासूबाईंनी ती लॉकरमध्ये ठेवली आहे, बिलाच्या झेरॉक्ससकट. मूळ बिल परत पोथीत गेलं आहे.